गॅरेजच्या दाराचा खर्च

गेल्या महिन्यात आप्पांनी गाडीने फाटकाचा खांब आडवा केला आणि दोष खांबाला दिला. "आता गाडी चालवणं पुरे" म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. मग गॅरेजचं दारच अडकलं, गाडी आत राहिली आणि सुनेचा जीव भांड्यात पडला. पण कारागीर फोनवर म्हणाला, "स्प्रिंग बदलू. तीन हजार, अर्ध्या तासाचं काम."

तो आला तेव्हा आप्पा किल्ली वाजवत अंगणात येरझाऱ्या घालत होते. सुनेने त्याला कोपऱ्यात गाठून पाच हजार पुढे केले. "दादा, अख्खं दार बदलावं लागेल, लाखभर जातील, असं सांगा आप्पांना."



कारागीर ओशाळला. "ताई, हेच घरच्यांना सांगायला आप्पांनी मघाशी फाटकातच सहा हजार दिलेत."