दोन नंबरचं टेबल

सिंधुबाईंनी आपल्या नावाचं चुंबक हसऱ्या चेहऱ्याखाली लावलं आणि त्या हात धुवायला गेल्या. रोज तिथंच लावायच्या.

फलकावर तीन चेहरे होते. हसरा, बरा आणि रडका. कामावर येताना ज्याला जसं वाटत असेल त्या चेहऱ्याखाली त्यानं आपलं नाव लावायचं, म्हणजे सुपरवायझरला माणसं कळतात. बारामतीच्या प्रशिक्षणातून आल्यावर सुपरवायझर वृषालीनं हा फलक डाळिंबाच्या या पॅकहाऊसमध्ये लावून घेतला होता. आत्ता ती त्याच्यापाशीच उभी होती. सिंधुबाईंच्या नवऱ्याचं तेरावं कालच झालं होतं.

तिनं चुंबक हलवलं नाही. ती दोन नंबरच्या टेबलाशी गेली.

"सिंधुमावशी, आज कसं वाटतंय तुम्हाला?"

टेबलाभोवतीच्या चौघींचे हात थांबले.

"माल बरा हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "तेल्या रोगाचं डाग कमी हायेत."

"मालाचं नाही, तुमचं विचारतेय. बोललं की मोकळं वाटतं, मावशी."

सिंधुबाईंनी हातमोजे चढवले. टेबलावरची सगळ्यात जुनी बाई म्हणजे बिबीजान. ती समोरून म्हणाली, "मॅडम, पट्टा सुरू करा. फळं साचल्यात."

पट्टा सुरू झाला.

एरवी या टेबलावर इतकी बडबड चालायची की शेजारच्या टेबलावरच्या बायका ओरडायच्या. आज कुणी बोललं नाही. कसं झालं, दवाखान्यात नेलं होतं का, काहीच नाही. हंगाम भरात होता, सुट्ट्या बंद होत्या आणि दिवस पणदऱ्याला, सिंधुबाईंच्या सासरी झाले होते. चौघींपैकी एकीलाही दुखवट्याला जाता आलं नव्हतं. आणि आता ती समोर उभी असताना या गप्प. माणसं एकमेकांपासून तुटली की असं होतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. वृषालीला तेच दिसत होतं.

सिंधुबाईंच्या हातून एक तडकलेलं डाळिंब निर्यातीच्या क्रेटमध्ये पडलं. बिबीजाननं ते उचलून बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं आणखी एक पडलं. ते शेजारच्या मुबशिरानं काढलं. सिंधुबाईंच्या लक्षात आलं नाही. वृषालीच्या आलं. तिनं त्यांना बाजूला बोलावलं.

"मावशी, आठ दिवस घरी थांबा. तुमची जागा कुठं जात नाही."

"घरी काय करू?"

"आराम करा."

"तितं त्यांची खाट हाय." सिंधुबाईंनी हातमोजे काढून बोटं पाहिली. "तडकलेलं हाताला लागंना झालंय. लागंल. हितंच राहू द्या मला."

"अख्खा माल परत आला तर सगळ्यांवर येईल, मावशी. संध्याकाळी सांगते."

जेवणाच्या सुट्टीत चौघींनी डबे उघडले. चारही डब्यांत पिठलं-भाकरी होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मयत झालेल्या घरी शेजारपाजारहून जातं तेच. सिंधुबाईंनी डबा आणलाच नव्हता. चारही डबे त्यांच्यासमोर सरकले.

"माझ्यात गुठळ्या झाल्यात," मुबशिरा म्हणाली. "अम्मी म्हनली, आपल्याला पिठलं जमत न्हाय, पन आज तेच ने."

"गुठळ्या कसल्या, भजी हायेत ती," सारजा म्हणाली.

कुणी हसलं नाही. सिंधुबाईंनी भाकरी मोडली आणि गुठळ्या खाल्ल्या. दारातून वृषालीनं ते चार डबे पाहिले आणि ती तिथूनच परत फिरली.

संध्याकाळी काम सुटलं की टेबलापासून गेटपर्यंत "येते गं, येते" असा कालवा व्हायचा. गेटवरचा मानसिंग म्हणायचा, "निस्तं येते येते. जाता तरी का मग?" आज तो कालवा झाला नाही.

सिंधुबाई पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या. उद्या यायचं असलं की बायका अॅप्रन खुंटीला टांगत. यायचं नसलं की घडी करून परत देत. त्यांनी घडी करून मांडीवर ठेवला होता.

बिबीजान शेजारच्या क्रेटवर येऊन बसली. थोड्या वेळानं उठली आणि गेली. मग सारजा बसली, उठली, गेली. मग त्याच टेबलावरची रतन. शेवटी मुबशिरा. ती जाताना सवयीनं वळली, तोंड उघडलं, आणि ते मिटून चालू लागली.

वृषालीचे आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं अशीच उठून जायची. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, असं आईनं तेव्हा सांगितलं होतं. अशा कामाला पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून.

ती त्या रिकाम्या क्रेटवर जाऊन बसली. काही विचारलं नाही. पट्टा बंद होता. कोपऱ्यात तडकलेल्या डाळिंबांचा ढीग होता. बऱ्याच वेळानं तिनं सिंधुबाईंच्या मांडीवरचा अॅप्रन उचलला, घडी मोडली, खुंटीला टांगला आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

सिंधुबाई गेटवर आल्या तेव्हा गाडी बायकांना घेऊन निमगाव केतकीकडे गेली होती. मानसिंग खुर्चीतून म्हणाला, "आज कुनी येते म्हनलं न्हाय, सिंधुबाई. मॅडमसुदिक तशाच गेल्या. भांडलात का काय?"

"न्हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "माझ्याकडं आल्या हुत्या समद्या."