पिळाच्या आत

"वरून खडखडीत वाळलाय की!" वझे सर म्हणाले. मल्लखांबाचा सुती दोर गेल्या महिन्यात भिजला आणि तसाच गुंडाळून पेटीत ठेवला गेला होता. आता त्यावर सात मुली उलट्या लटकणार होत्या. पालक खुर्च्यांवर बसलेही होते.

सरांच्या हाताखाली शिकवणाऱ्या ऋजुताने दोर गालाला लावला. आत ओल असेल, तर तिची वाफ होताना दोर गार लागणार. गार लागला. ती शांतपणे पीळ उलगडू लागली.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी तू!" सर वैतागले.

"पिळाच्या आतच तर बघायचंय, सर."

आतला पदर पुरता काळा पडला होता. चिमटीत धरताच तो शिजलेल्या शेवयांसारखा तुटला. सर सातही मुलींकडे बघत राहिले.

"दुसरा दोर काढा," ते अखेर म्हणाले, "आणि हिचा गाल लागल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही!"