कामाचं स्वरूप भेटीत

घरच्या मालकिणीने दाराला आतून कडी घातली, तशी बालवाडीच्या बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली.

बालवाडी बंद पडल्यापासून त्या कामाच्या शोधात होत्या. वर्तमानपत्रातली जाहिरात एवढीच होती : 'घरासाठी प्रेमळ बाई हवी. कायमस्वरूपी. कामाचं स्वरूप भेटीत.' ना वेळ, ना पगार. काम काय, तेही नाही.

"यात कुठेतरी पाणी मुरतंय," मोठा भाऊ म्हणाला होता. "मी खाली थांबतो. काही वाटलं तर खिडकीतून हाक मार."

"लग्न?" मालकिणीने विचारलं.

"नाही केलं."

"बरं झालं."

बाई सावरून बसल्या. "काम काय आहे, ते आधी सांगाल का?"

"सांगते. चिडलात तर हात उगारता?"

"पोरांवर? कधीच नाही. मुलं कुठायत तुमची?"

"शाळेत. धाकटीला अंधाराची भीती वाटते. थोरला खोटं बोलला की कान खाजवतो." तिने कपाटातून एक स्वेटर काढला. "हा घालून बघा."

"तुमचा स्वेटर? मी कशाला?"

"बघा तरी."

स्वेटर अगदी मापाचा निघाला. मालकीण बराच वेळ नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणखी एक. घरात यातलं कुणालाच माहीत नाही. ह्यांनाही नाही. कुणी विचारलंच, तर शिवण शिकायला येते म्हणायचं."

म्हणजे हिला आपल्या जागी दुसरी उभी करून पळायचंय! कुणाबरोबर, देव जाणे. बाईंनी स्वेटर ओरबाडून काढला आणि खुर्चीवर टाकला.

"दोन लेकरं टाकून निघालात, आणि वर त्यासाठी माणूस नेमताय? जीव तरी कसा होतो तुमचा?"

मालकिणीने स्वेटर उचलला आणि त्याची घडी घातली.

"जाहिरातीत सरळ लिहायचं होतं. माझी खेप तरी वाचली असती."

"लिहायला बसले होते. दोन ओळींच्या पुढे हात चालेना."

"चालेल कसा!" बाईंनी कडी काढली. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि कधी निघताय?"

"डॉक्टर म्हणतात, ही थंडी काढली तरी पुष्कळ."