पाहुण्याचा पाहुणा

थोरलीला जुळे झाले त्या वर्षीची गोष्ट. मुली दिवस भरण्याआधीच आल्या आणि वॉर्डात काचेच्या पेटीत पडून होत्या. पेटीतल्या बाळाचा श्वास अडकला तर घंटा वाजवणारे सॉफ्टवेअर थोरलीच्याच पाठच्या भावंडांनी केलेले होते. एक मधला, ज्याला धाकटी दादा म्हणे, आणि एक धाकटी. दोघांचे ऑफिस टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.

त्या दुपारी वॉर्डातल्या सिस्टर स्वतः जिना चढून आल्या.

"काल परत घंटा वाजली नाही," बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "नेटवर्क गेलं, आलं, आणि पडदा हिरवाच्या हिरवा. इकडे पोर निळं पडायला लागलेलं. मी शेजारी होते म्हणून निभावलं."

"कुठलं पोर?" धाकटीने विचारले.

"तुमच्यातलं नव्हतं. काल तरी."

धाकटीने टेबलावरच्या मॉनिटरची नेटवर्कची वायर त्यांच्या हातात दिली. "काढा. आता परत लावा." सिस्टरांनी तसे केले. मग धाकटीने श्वासाचा आकडा शून्यावर आणला. पडदा मघाचाच आकडा दाखवत राहिला. घंटा मुकी.

"दोष सापडलाय," धाकटी म्हणाली. "पण तो तुकडा आमचा नाही."

दादाने समजावले. सगळा प्रोग्राम कोणी स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तुकडे घ्यायचे. ते आणून जुळवून द्यायला एक साधन असते, पॅकेज मॅनेजर. बिघडलेला तुकडा या दोघांनी मागवलाही नव्हता. मागवलेल्या एका तुकड्याला तो लागतो, म्हणून त्याच्या पाठोपाठ आला.

"म्हणजे पाहुण्याबरोबर आलेला पाहुणा," सिस्टर म्हणाल्या. "आणि खाट अडवून बसलाय तोच."

तो तुकडा लिहिणाऱ्याला कळवून झाले होते. त्याच्या पानावर हाच दोष कोणीतरी आधीच नोंदवला होता आणि त्याखाली शेकडो लोकांनी अंगठे उमटवले होते, आमचंही तेच, आमचंही तेच. उत्तर कोणालाच आले नव्हते. सगळे वाट पाहत होते.

"दुरुस्ती मी लिहिलीये," धाकटी म्हणाली. "पॅकेज मॅनेजरच्या नव्या आवृत्तीत एक सोय आलीये. आतला तुकडा कुणीही आणू दे, त्याच्या जागी आपला दुरुस्त केलेला बसवता येतो."

"प्रायोगिक सोय," दादा म्हणाला. "ती बनवणारे स्वतःच बजावतात, कधीही बदलू, कधीही काढून टाकू. काढली की तुझं ठिगळ गुपचूप गळून पडेल. घंटा परत मुकी, आणि आपल्याला पत्ता नाही."

"ठिगळ गळलं तर प्रोग्राम तयारच होणार नाही. तशी तपासणी घातलीये. बोंब ठोकेल आणि थांबेल."

"आणि तपासणीच चुकली तर?"

"तर मी इथे आहे. शिव्या घालायला माणूस सापडेल."

"त्याचं उत्तर येऊ दे. त्याने लिहिलंय ते. त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

"नाही कळत. पण सिस्टरांना तोंड मी दाखवते, तो नाही."

एकाने लिहिलेले दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय वॉर्डात जायचे नाही, असा दोघांचा नियम होता. तो धाकटीनेच घातला होता. दादा हाताची घडी घालून बसला.

धाकटी उठली. चप्पल पायात सरकवली.

"ठीक आहे. मी सिस्टरांबरोबर जाते आणि आपली यंत्रणा बंद करून येते. वर पाटी लावते, बंद आहे म्हणून."

"वेड लागलंय का? आपल्याच हाताने नाचक्की?"

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "बंद आहे हे माहीत असलं तर आम्ही पेटीला डोळे लावून बसतो. चालू आहे असं वाटतं, तिथेच घात होतो."

"आणि थोरलीला मी सांगते," धाकटी दारातून म्हणाली, "तुझ्या पोरींचा मामा कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलाय. आलं की बघू म्हणतोय."

"लहानपणापासून अशीच आहेस," दादा पुटपुटला आणि त्याने खुर्ची पुढे ओढली.

त्याने दुरुस्ती ओळन्‌ओळ वाचली. एका जागी बोट ठेवले. "इथे नेटवर्क लगोलग दुसऱ्यांदा गेलं तर?" धाकटीने वाकून पाहिले. चप्पल काढून बसली आणि ते नीट केले. मग त्याने मंजुरी दिली.

प्रोग्राम तयार होताना पडद्यावर पिवळी ओळ उमटली. ही सोय प्रायोगिक आहे, जबाबदारी वापरणाऱ्याची.

"माझीच," धाकटी म्हणाली.

सिस्टरांनी वायर काढली, लावली, लगेच पुन्हा काढली, पुन्हा लावली. धाकटीने आकडा शून्यावर आणला. घंटा अशी वाजली की खालून टायरवाला ओरडला, "कुठे आग लागली रे?"

"अजून लागायचीये," दादाने वरून सांगितले.

संध्याकाळी वॉर्डात सगळे बसवून झाल्यावर धाकटीने त्या पानावर, सगळ्या अंगठ्यांच्या खाली, आपली दुरुस्ती जोडली आणि लिहिले, "घ्या आणि वापरा. वाट पाहू नका."

जुळ्या मुली धडधाकट घरी आल्या. त्यानंतर त्या पानावर पहिल्यांदा उत्तर आले, ते तुकडा लिहिणाऱ्याच्या बहिणीचे. तो आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत वारला होता.