एकोणतिसावं वाक्य

"आपण जरा ती खिडकी उघडाल का?" रशियन भाषेच्या परीक्षेतलं अठ्ठाविसावं वाक्य हेडफोनमध्ये वाजलं. घंटी झाली आणि खुशबख्तने घडाघडा म्हणून टाकलं, "तू जरा ती खिडकी उघड."

परीक्षक शोइराने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. समोरच्या बाप्याने सात वर्षं रशियात विटा वाहिल्या होत्या. रशियन फाडफाड बोलायचा, पण प्रत्येक 'आपण'चा 'तू' करायचा. दर वेळी गुण जात होते.

"भाऊ, 'आपण' म्हणा ना," ती ताजिकमध्ये पुटपुटली. "ऐकलंत तसंच म्हणायचंय."

"तसंच तर म्हणतोय, शोइराअपा."

खोटं बोलत नव्हता. लांब वाक्य पोपटासारखं म्हणता येत नाही. माणूस ते ऐकतो आणि अंगात मुरलेल्या भाषेतून पुन्हा जुळवतो. परीक्षेची सगळी भिस्त त्यावरच होती. आणि याच्याशी तिथे सात वर्षांत कुणी 'आपण' म्हणून बोललंच नव्हतं.

शहात्तर गुण झाले होते, ऐंशी हवे होते. उरलेल्या दोन वाक्यांत मिळून चार गुण यायला हवेत; एक चोख आलं तरी चारपैकी चार. नाहीतर रशियात परत जायचा परवाना नाही. तिकडच्या इस्पितळात त्याचा धाकटा भाऊ नेकरूझ कमरेखाली लुळा पडला होता आणि त्याला पाणी पाजायलाही कुणी नव्हतं. ताजिकिस्तानातल्या खुजंदच्या या खोलीत शिरतानाच खुशबख्तने हे सांगितलं होतं, एकदाच, गयावया न करता.

एकोणतिसावं वाक्य जाड पुरुषी आवाजात आलं. "कृपया आपली कागदपत्रं दाखवाल का?"

घंटी व्हायच्या आत खुशबख्तने स्वतःला खाली झोकून दिलं. टेबलाची कड कपाळात घुसली, हेडफोनची तार तुटली. तो फरशीवर पालथा पडला, दोन्ही हात मानेवर घट्ट, आणि तोंडातून अस्खलित रशियन सुरू झालं.

"कागद दाखव, कुत्र्या. थोबाड खाली. हललास तर भावाचा मोडला तसा तुझाही कणा मोडीन. त्याला किती लाथा बसतायत ते मोठ्याने मोज. चुकलास तर पहिल्यापासून." मग तो मोजू लागला. "एक. दोन. तीन."

व्याकरणाची एक चूक नव्हती. नियमाप्रमाणे शोइराने शून्य लिहिलं.

हेडफोन बिघडला तर पुढचं वाक्य परीक्षकाने स्वतः वाचायचं, हाही नियम होता. तिने कागद उचलला. तिसावं वाक्य हवामानाबद्दल होतं. तिने कागद परत ठेवला आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकले. फरशीवर रक्त पसरत होतं. तो अकरापर्यंत पोचला होता.

"आपण कृपया उठा," ती रशियनमध्ये म्हणाली. "इथे आपल्याला कुणी मारणार नाही."

मोजणं थांबलं.

"आपण कृपया उठा," फरशीला तोंड लावून तो म्हणाला. सावकाश, शब्दाला शब्द. "इथे आपल्याला कुणी मारणार नाही."

शोइराने तिसाव्या ओळीत चार लिहिले.

खुशबख्त तसाच पडून होता, हात मानेवर ठेवून, पुढच्या वाक्याची वाट बघत.