आईच्या खांद्यावरचं दप्तर

तपासणीच्या टेबलावर आडव्या झालेल्या रेणूच्या छातीवरून म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप सरकत होता. ठोक्यांमध्ये बारीक गुणगुण होती. शाळेच्या तपासणीत ती सापडल्यापासून आईने रेणूचा खो-खो बंद केला होता. दप्तरसुद्धा आईच वाहायची.

"आता उठून बस गं." गुणगुण थांबली. बाईंनी नळ्या आईच्या कानांत अडकवल्या, रेणूला पुन्हा झोपवलं, पुन्हा बसवलं. "बसल्यावर आवाज विरतो, ऐकलंत? नुसता वाहत्या रक्ताचा आहे. पुष्कळ निरोगी मुलांत असतो, मोठेपणी जातो."

"डॉक्टरआजी, म्हणजे मी पळू?"

"खुशाल पळ."

आई नळ्या कानांत ठेवून रेणूचे ठोके ऐकतच राहिली.

"आई, पुरे की! गार लागतंय."

आईने नळ्या काढल्या आणि आपल्या खांद्यावरचं दप्तर रेणूच्या पाठीवर चढवलं.

"अगं, केवढं जड आहे हे!" रेणू कुरकुरली.

"असू दे. पळ आता," आई म्हणाली.