दुव्हालांचा खलाशी

“मग सांगा ना, दुव्हाल हे आडनाव पाँडिचेरीला नेणाऱ्या त्या खलाशाबद्दल!” रनेचे सासरे त्याच्या आत्याला म्हणाले. ती पहिल्यांदाच पॅरिसला आली होती.

पिशवीतून फोटो काढणारा आत्याचा हात थांबला. फोटोत तिचे आजोबा होते. चर्चमध्ये त्यांच्या जातीला भिंतीपलीकडे बसवत. पाँडिचेरीत तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं; एके दिवशी कोर्टात जाऊन त्यांनी जात सोडल्याचं लिहून दिलं आणि हे फ्रेंच आडनाव स्वतः निवडलं. लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय रने आत्याच्या हातचा घास घ्यायचा नाही. सासरी मात्र त्यानं गोऱ्या खलाशी पूर्वजाची थाप मारली होती.

आत्यानं रनेकडे पाहिलं. तो खाली मान घालून ताटातला मासा चिवडत राहिला. तिला काय ते कळलं.

“फार धाडसी होते,” ती म्हणाली. “कुणाला घाबरले नाहीत.”

फोटो तिनं हळूच आत सरकवला.

“पिशवीत काय आहे?” रनेच्या मुलीनं विचारलं.

“काही नाही गं राणी, माझा चष्मा.”

“चष्मा तर तू घातलायस!”

सगळे खो खो हसले. रनेसुद्धा हसला. मग मात्र जेवण संपेपर्यंत त्याला आत्याकडे बघवेना.